काठावर घोंगडं धरून

दिवाळी आटोपली की आमच्या नदीचं पाणी निवळतं. पावसाळाभर चहासारखी गढूळ वाहणारी नदी आठवड्याभरात शहाणी होते आणि डोहाच्या तळाचे गोटे वरून दिसायला लागतात. याच दिवसांत कापूस फुटतो. पांढरकवड्याहून जंगलाच्या बाजूला आत वळलं की आमचं गाव. तिथले लोक हा काळ कापसावरून ओळखतात: वावरात सीतादहीची पूजा झाली, वेचणी लागली, भाव काय निघाला. आमच्या घरात मात्र हा बाप्तिस्म्याचा हंगाम होता. यंदाही पाणी निवळलं. मी यवतमाळात राहते, इथून नदी दिसत नाही, पण गेल्या आठवड्यात एका सकाळी आई फोनवर म्हणाली, पानी साफ झालं व. मी नुसतं हं म्हटलं आणि गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत तशीच उभी राहिले. डोह साफ होऊन आता उपयोग काय? त्यात उतरणारं कुणी उरलेलं नाही.

आमची मंडळी बॅप्टिस्ट. म्हणजे काय, हे मला जन्मभर इतक्यांनी विचारलं आहे की मी आता लांबण लावत नाही. आमच्यात डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही, आख्खं माणूस बुडवावं लागतं. आणि पाळण्यातलं बाळ चालत नाही. कळत्या वयात, सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडाने सांगून, स्वतःच्या पायाने पाण्यात उतरायचं. आईच्या आजोबांच्या काळात कुणी गोरा पाद्री बैलबंडीत बसून या भागात आला, तापाच्या साथीत औषध वाटत फिरला आणि त्याच्या मागे चार-दोन घरं डोहात उतरली. साहेब गेला, त्याच्यामागून आलेलाही गेला. मागे राहिलं ते कवेलूचं, म्हणजे कौलारू, लहानसं चर्च, वेशीबाहेरची दफनभूमी, आणि सभा घेण्याची खोड. हो, खोडच. आमच्या मंडळीवर कुणी बिशप नाही, वरून हुकूम नाही, जे काय ठरायचं ते हात वर करून. भिंतींना चुना मारायचा की रंग, नाताळात पुऱ्या की भात, पाळकसाहेबांना पुन्हा बोलवायचं की नाही, सगळ्याला सूचक आणि अनुमोदक. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकशाहीचा धडा आला तेव्हा मला वाटलं, हे तर आमचं चर्च आहे. फक्त पुस्तकात एक गोष्ट नव्हती. हात वर करायचा हक्क फक्त पाण्यातून आलेल्यांना होता. बाकीच्यांनी सभेच्या वेळी ओसरीत जाऊन बसायचं.

माझे बाबा कायम ओसरीत बसले.

डोह बाबांच्या वावराला लागून होता. बाबा मंडळीतले नव्हते, त्यांचं घर गावातलं जुनं शेतकऱ्याचं घर, पोळा-गणपती सगळं साग्रसंगीत करणारं. पण नदीकडे जायची वाट त्यांच्या धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून होती, म्हणून दर हंगामात मंडळीतलं कुणीतरी जाऊन त्यांना विचारून यायचं. ते कधी नाही म्हणाले नाहीत. उलट वाटेवरच्या तुरी बाजूला बांधून ठेवायचे, काठावर पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा, जाळ करायचे, भल्या मोठ्या गंजात चहा टाकायचे. एका साली डोहातून एक मुलगी कुडकुडत बाहेर आली. तिच्या घरच्यांनी आणलेली चादर गर्दीत कुठेतरी राहिली होती. बाबांनी अंगावरचं घोंगडं काढून तिच्या खांद्यावर टाकलं. ती माझी आई. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. दोन्हीकडचे लोक तणतणले, आणि शेवटी मंडळीने एका बोलीवर लग्नाला होकार दिला: नवरदेवाने बाप्तिस्मा घ्यायचा. बाबा म्हणाले, घेतो की. पुढच्या साली.

हे पुढचं साल माझ्या सगळ्या लहानपणावर पसरलेलं आहे. एका साली बैल आजारी, एका साली पाऊस लांबल्याने वेचणी अंगावर आलेली, एका साली त्यांनाच ताप. आई नवं पांढरं धोतर आणून घडी करून ठेवायची, हंगाम निघून जायचा आणि ते धोतर नाताळात नेसलं जायचं. बाकी चर्चमध्ये बाबांच्या इतकं कुणी येत नसेल. दर रविवारी सगळ्यात आधी जाऊन झाडलोट, पावसाळ्याआधी कवेलू फेरणं, गाणी सगळी पाठ, आवाज तर असा की पाळकसाहेबही त्यांच्या सुरात सूर मिळवायचे. घरी मात्र कापूस फुटला की ते आपल्या आईच्या आठवणीसाठी वावरात सीतादही करायचे, पऱ्हाटीला दहीभात वाहायचे. आई तोंड फिरवून उभी राहायची आणि प्रसादाचा भात मात्र मुकाट्याने खायची. मंडळीतले लोक बाबांची थट्टा करायचे, म्हणायचे याचं म्हणजे आजन्म घोड्यावर बसणं, लग्न काही लागत नाही. बाबा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचे.

त्या सकाळींचा वास अजून माझ्या नाकात आहे. पऱ्हाटीचा धूर, उकळलेलं आलं, ओल्या सुती कपड्यांचा वास आणि वर कापसाच्या फुटलेल्या बोंडांची ती कोरडी, किंचित गोडसर हवा. आम्ही गात गात धुऱ्यावरून जायचो. शेजारच्या बौद्ध घरांतल्या बाया कडेवर लेकरं घेऊन बघायला यायच्या, पोड म्हणजे पाडा, तिथले कोलाम आदिवासी पलीकडच्या काठावर बसायचे. तालुक्याहून आलेले पाळकसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायचे, तरी ती कमरेपर्यंत भिजायचीच. मी उतरले तेव्हा आठवीत होते. पाळकसाहेबांनी नाकावर रुमाल धरला, मानेमागे हात ठेवला, आणि आभाळ एकदम हिरवं झालं. कानात नदी शिरली. मग त्यांच्या हाताने मला वर काढलं, सगळ्यांचं आमेन ऐकू आलं, आणि डोळे उघडले तर समोर काठावर बाबा घोंगडं धरून उभे. त्यांचे हात थरथरत होते. मला वाटलं, लेकीचा बाप्तिस्मा बघून भरून आलं असेल.

आई आता चर्चची किल्ली पदराला बांधून असते. रविवारी सकाळी कुलूप काढते, दोन गाणी म्हणते, एक अध्याय वाचते, प्रार्थना करते आणि कुलूप लावते. मंडळी गेली कुठे, असं विचारलं तर ती कबरस्तानाकडे आणि डांबरी रस्त्याकडे असे दोनच हात दाखवते. खरंच, निम्मी मेली आणि निम्मी निघून गेली, कुणी नागपूर, कुणी हैदराबाद. माझा भाऊ पुण्यात आहे. तिथे त्याच्या चर्चमध्ये गिटार आहे, पडद्यावर गाण्याचे शब्द येतात, आणि बाप्तिस्मा निळ्या फरशांच्या टाकीत कोमट पाण्यात होतो. तो फोनवरून उंटावरून शेळ्या हाकतो, आईला इकडे पाठव, त्या कवेलूखाली साप निघतील. आई जात नाही. मीही माझं नाव यवतमाळच्या मंडळीत नेलं नाही. आईने नेऊ दिलं नाही म्हणा. ती म्हणाली, मी एकटीच राह्यली तं त्याले मंडळी कसं म्हनू? दोघी तं पाह्यजे.

एकदा उन्हाळ्यात दुसऱ्या मिशनचे एक पाहुणे पाळक आमच्या घरी जेवायला आले होते. मऊ बोलणारे, म्हातारे गृहस्थ. बाबांची पुढच्या सालची कथा ऐकून ते हसले आणि म्हणाले, आमच्यात तर ओंजळभर पाणी कपाळावर घालतात, देवाला तेवढं पुरतं. बाबा वाढत होते. त्यांच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. एवढ्याशा पान्यात होते का जी, असं त्यांनी विचारलं. हसतच विचारलं, पण दोनदा विचारलं. पाहुणे काही बोलायच्या आत आई म्हणाली, "आपल्यात नाही चालत तसं. अर्धवट कायले करावं?" बाबा बरं म्हणाले आणि वरण वाढायला लागले. तेव्हा त्या प्रसंगात मला काहीच दिसलं नव्हतं. आज तो दोनदा विचारलेला प्रश्न मला झोपू देत नाही, आणि आईला तर त्याची आठवण काढलेलीही सोसत नाही.

मग ती सभा झाली. मंडळीतल्या एका घरचा मुलगा, कधी चर्चची पायरी न चढलेला, शहरात वारला आणि घरच्यांनी त्याला आपल्या दफनभूमीत आणलं. जागा आधीच कमी, त्यावरून कुरबूर वाढली आणि कुणीतरी ठराव मांडला की इथून पुढे ज्याचा बाप्तिस्मा झाला त्यालाच मंडळीच्या जागेत माती मिळेल. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला आले होते, आईशेजारीच बसले होते. खिडकीतून ओसरीतले बाबा दिसत होते. सगळे हात भराभर वर गेले. आईचा गेला नाही. तिने आधी खिडकीकडे पाहिलं, बाबांची नजर पकडली आणि मग त्यांच्याकडे पाहत पाहत हात वर केला, अगदी सरळ, कोपर ताठ करून. मी घरी येताना तिला म्हटलं, काय केलंस हे. ती म्हणाली, आता उतरल्याबिगर राह्यते का तो? मले सोडून दुसरीकडे निजन का?

तिचा हिशेब इतका सरळ होता. नवरा अडून बसला आहे, त्याला जरा ढोसलं पाहिजे, मग जाईल पाण्यात. त्याच्यावर तिचा जीव होता म्हणूनच तो हात वर गेला, हे मी कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन. बाबांनी त्या संध्याकाळी नेहमीसारखी थट्टा केली, म्हणाले, चाला, माह्या धुऱ्यावरची जागा पक्की झाली. पण त्या साली पाणी निवळलं तेव्हा ते काठावर जास्त वेळ उभे राहिले. एकदा मी पाहिलं, पायातल्या चपला काढून ते पाण्याच्या अगदी कडेला गेले, घोटे भिजले असतील-नसतील, आणि परत फिरून जाळात पऱ्हाटी सारायला लागले. आई म्हणाली, बघ, विचार करून राह्यला. पुढच्या साली पक्कं.

पुढच्या साली भर उन्हाळ्यात बाबा गेले. दुपारी वावरातून आले, पाणी मागितलं, आई तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. डोहात तेव्हा चिखलसुद्धा नव्हता.

मंडळीतली वडीलधारी माणसं दुपारीच अंगणात जमली. सगळे आईकडे पाहत होते, कारण तिने एक शब्द टाकला असता तर तिथल्या तिथे सभा घेऊन त्यांनी ठराव फिरवला असता, असं पुढे कितीतरी जणांनी सांगितलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. पण आई बोलली नाही. जन्मभर तिने मंडळीचा शब्द मानला होता, आणि आता तो आपल्या माणसासाठी मोडायला सांगणं तिला लाजिरवाणं वाटलं. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, म्हणाले की आम्ही आमच्या रीतीने अग्नी देतो. त्यालाही ती नाही म्हणाली. जाळलं तर उरेल काय, मी जाऊ कुठे बसायला, असं काहीतरी ती पुटपुटत होती. शेवटी मोठ्या बाबांनीच तोड काढली. त्याचं वावर आहे, त्यातच ठेवा. आणि बाबांना त्यांच्याच धुऱ्यावर, डोहाच्या वरच्या अंगाला, बाभळीखाली माती दिली.

माती देऊन झाल्यावर मोठे बाबा डोहाच्या कोरड्या खड्ड्याकडे पाहत बसले होते. ते काही आईला टोचायला बोलले नाहीत, भाऊ गेलेला माणूस आठवेल ते बोलत होता.

"सात-आठ वर्साचा असन तो. पोळ्याले बैल धुवाले आनले होते आमी इथं. बैल बुजाडला अन् त्याले घेऊनच आत गेला. मी केसाले धरून काढलं त्याले, काळानिळा झालता. तवापासून त्यानं गुडघाभर पान्यात पाय नाही टाकला. बैलं पन विहिरीवर धुवे." मग आईचा चेहरा पाहून ते थांबले. "तुमाले सांगतलं नाही त्यानं?"

आई म्हणाली, "नाही. तो म्हने पुढच्या साली."

तेवढंच म्हणाली. घरी आल्यावर मात्र ती भिंतीला टेकून बसली आणि रडत रडत एकच गोष्ट कितीदा तरी बोलली, की एक शब्द सांगतला असता त्यानं तं मी त्याचा हात धरून पान्यात उभी राह्यली असती. का सांगितलं नाही बाबांनी? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. नदीकाठच्या वावराच्या मालकाने, भरल्या गड्याने, पाण्याची भीती वाटते म्हणून सांगायचं कुणाला? आणि आमच्या मंडळीत भीती म्हणजे विश्वास कमी, असा सरळ हिशेब. श्रद्धा नाही म्हणवून घेण्यापेक्षा त्यांनी आळशी, हट्टी, थट्टेखोर म्हणवून घेतलं. दर हंगामात ते त्याच पाण्याच्या काठावर येऊन उभे राहत होते, आपल्या बायको-मुलांना त्यात बुडताना आणि वर येताना बघत होते. हात थरथरत होते ते भरून आल्यामुळे नव्हते. मला त्यांचा राग येतो, आईचा येतो, त्या ओंजळभर पाण्याला अर्धवट म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांचा येतो. रागाचं काय करायचं ते कळत नाही.

आईने पुढची काही वर्षं त्या बाभळीखाली काढली म्हटलं तरी चालेल. वेचणी झाली की तिथेच भाकर सोडायची, तिथेच डोळा लागायचा. मंडळी तोवर विरत चालली होती. एक एक घर कुलूप लावून जात होतं, पाळकसाहेबांचं येणं थांबलं, डोहात उतरलेली शेवटची मुलगी कोण होती यावर मी नि आई वाद घालतो. आणि मग एका श्रावणात पाऊस असा लागला की नदीने पात्र सोडलं. पाणी ओसरल्यावर आई पाहायला गेली तर धुरा नव्हता. बाभूळ नव्हती. काठ आत कापत कापत नदी थेट तुरीच्या ओळींपर्यंत आली होती, आणि जिथे बाबा होते तिथे नुसता उतार होता, नव्या वाळूचा.

मी पोचले तेव्हा ती त्या उतारावर उभी होती आणि गावातली एक भली म्हातारी तिची समजूत काढत होती. म्हणत होती, बाई, रडू नको, शेवटी तुह्या मालकाले नदीनंच बाप्तिस्मा देल्ला म्हन. चांगल्या मनाने म्हणत होती बिचारी. मलासुद्धा क्षणभर वाटलं, धरावं एवढं तरी. आईने डोळे पुसले आणि तिच्याकडे वळली.

"नाही माय. धरून बुडवतेत अन् धरून वर काढतेत, त्याले बाप्तिस्मा म्हनतेत. त्याले वर कोनं काढलं?"

म्हातारी खाली वाकून तिच्या लुगड्याला लागलेली ओली वाळू झटकायला लागली.

यंदा आई फोनवर पाणी साफ झालं म्हणाली तेव्हा ती पुढे हेही म्हणाली, रविवारी ये. काम आहे. मी शनिवारीच गेले. गावाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना पांढरी वावरं, बायांच्या ओट्या कापसाने फुगलेल्या. सकाळी आईने चर्च उघडलं. आम्ही बाकं पुसली, दोन गाणी म्हटली. बाबांचा सूर नसल्यामुळे दुसरं गाणं मध्येच खाली आलं. तिने अध्याय वाचला, प्रार्थना केली. आमेन झाल्यावर मी उठायला लागले तर म्हणाली, बस. मंडळीची सभा आहे.

मला हसू आलं, पण तिने पदर सारखा केला होता, आणि सभेच्या वेळी बसायची तशी ती ताठ बसली होती. मी पुन्हा बसले. ओसरीत कुणी नव्हतं, तरी तिने एकदा खिडकीतून बाहेर पाहून घेतलं. मग तिने स्वच्छ आवाजात ठराव मांडला, की बाप्तिस्मा न झालेल्या माणसालाही, तो मंडळीत बसत असेल तर, आपल्या जागेत माती मिळावी. सूचक मी, म्हणाली. अनुमोदक कोण? मी म्हटलं, मी. मग ती म्हणाली, ज्याईले मंजूर आहे त्याईनं हात वर करा, आणि स्वतःचा हात वर केला. आता कोपर ताठ होत नाही तिचं. मीही हात वर केला.

तिने माझा हात मोजला, आपला मोजला, आणि म्हणाली, मंजूर. मग तिने हात खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ठराव तं झाला व पोरी," ती म्हणाली. "आता त्याले आनू कोठून?"